'साबर बोंडं' आणि जोडीचा कोयता

दोन पुरुषांच्या प्रेमाशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतात. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 'समाजस्वास्थ्य'वरील अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली र. धों. कर्वे यांची बाजू बाबासाहेबांनी मुंबई उच्च न्यायालयात मांडली. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तर देणे ही अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या. निकाल विरुद्ध गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी संविधानिक नैतिकतेचा आग्रह धरला. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय दिला.

कायद्याचा फास सुटला. समाजाचा सुटला काय? रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट हेच विचारतो. २०२५ साली सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे बालमित्र बाळ्या भेटतो. दोघांत प्रेम आहे, भांडण नाही. आईला मुलाचे मन ठाऊक आहे. तरी नातेवाईक एकच टुमणे लावतात : लग्न कधी?

हा प्रश्न बीड जिल्ह्यात अधिक कठोर होतो. दुष्काळाने पोळलेल्या या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती सहसा नवराबायकोच्या जोडीला. जोडी म्हणजे एक कोयता; एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून पोरापोरींची लग्ने कोवळ्या वयात उरकतात. इथे लग्न नाकारणारा तरुण रीत तर मोडतोच, शिवाय घराच्या उचलीवरही पाणी सोडतो. त्याच्या गळ्यात बांधलेल्या मुलीचे आयुष्य होरपळते, ते वेगळेच.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास न्यायालयाने नकार दिला. तो लढा लढलाच पाहिजे. पण फडावरच्या तरुणाला लग्न न करण्याचे स्वातंत्र्यही हवे आहे. जातीची व्यवस्था लग्नातूनच टिकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग माणसाने कोणावर प्रेम करावे हे जात आणि मुकादम यांनी ठरवू नये, असे म्हणताना आपण का कचरावे?