गाढवासारखा ओरडणारा शेजारी

वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, हे आपण सर्वजण शिकवतो. त्याच प्रवासात, सहा महिने आधी, त्याची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आज मॉसेल बे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपसागरात थांबली होती. तेथील एका बेटावर खलाशांना बदकाएवढे, उडता न येणारे आणि गाढवासारखे ओरडणारे पक्षी दिसले. प्रवासाच्या रोजनिशीत त्यांची नोंद आहे. खलाशांनी वाटेल तितके मारले, हेही तिथेच लिहिलेले आहे. पेंग्विनांच्या सर्वात जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक. माणूस आणि आफ्रिकन पेंग्विन यांच्या शेजाराची सुरुवात अशी झाली.

पेंग्विन म्हटले की मुले बर्फ काढतात. आफ्रिकन पेंग्विनाचा बर्फाशी काहीही संबंध नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन याच प्रजातिगटातले; तेही पेरू-चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचे. दोन्हीकडे समुद्र थंड, माशांनी समृद्ध आणि जमीन मात्र उन्हाने भाजणारी. म्हणजे पाण्यात गारठू नये म्हणून घातलेला जाड पिसांचा अंगरखा किनाऱ्यावर जाच होतो. मग अंडी उबवायची कुठे? पेंग्विनांचे उत्तर होते ग्वानो. पावसाअभावी बेटांवर शतकानुशतके साचत गेलेल्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या या थरात ते बिळे खणत. आत ऊन लागत नसे, आणि आकाशातून टपून बसलेल्या कुरव पक्ष्यांपासून पिलेही वाचत.

या बिळांवर पहिला घाव घातला तो शेतीने. १८४० मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ आला आणि पिकांना कोणती द्रव्ये लागतात याची चर्चा युरोपभर सुरू झाली. नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेला ग्वानो सोन्याच्या भावाचा ठरला. आजच्या नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या इचाबो या चिमुकल्या बेटाभोवती १८४४ च्या सुमारास शेकडो जहाजांनी गर्दी केली. १८४३ ते १८४५ या अवघ्या दोन-तीन वर्षांत अनेक मीटर जाडीचा थर खडकापर्यंत खरवडला गेला. इतर बेटांचीही तीच गत झाली. पेंग्विन उरले, त्यांची घरे इंग्लंडच्या शेतांत गेली. (लीबिगला दोष देण्याचे कारण नाही, पण खतांचा धडा शिकवताना ही बाजूही सांगायला हवी असे मला वाटते.)

उघड्यावर घातलेली अंडी गोळा करणे सोपे झाले. उकडल्यावरही यांचा पांढरा भाग काचेसारखा पारदर्शक राहतो. केप टाऊनमध्ये त्याचे कौतुक होते. एकट्या डासेन बेटावरून १९०० ते १९३० या काळात एक कोटीहून अधिक अंडी उचलली गेली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, हा गोळा करणाऱ्यांचा युक्तिवाद होता. विसाव्या शतकाच्या आरंभी १५ लाखांच्या आसपास पेंग्विन असावेत असा अंदाज आहे. १९५६ मध्ये विणीच्या जोड्या दीड लाखाच्या आसपास उरल्या होत्या.

१९६७ मध्ये सुवेझ कालवा बंद पडला आणि आखातातले तेल केपला वळसा घालून जाऊ लागले. गळती आणि तेलात माखलेले पक्षी नित्याचे झाले. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ हे लोहखनिजवाहू जहाज बुडाले, तेव्हा सुमारे १९,००० पक्षी हातांनी धुवावे लागले. जवळपास तितकेच, अजून न माखलेले, पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडण्यात आले. ते पोहत परत येईपर्यंत समुद्र स्वच्छ व्हावा, हा हेतू. पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसवले होते; शेकडो किलोमीटर पोहून ते घरी आले.

दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट घडली होती. केप टाऊनजवळच्या सायमन्स टाऊन या नौदलाच्या गावी, बोल्डर्स किनाऱ्यावर, १९८२ मध्ये पेंग्विनांच्या दोन जोड्यांनी घरटी केली. त्याच सुमारास फॉल्स बे उपसागरात पर्ससीन जाळ्यांवर बंदी आली होती (कोकणातल्या वाचकांना या जाळ्यांचा वाद सांगायला नको) आणि तारलीच्या जातकुळीतले मासे जवळ मिळू लागले होते. गावामुळे बिबट्यांसारखे शिकारीही दूर राहत. पुढे वसाहत वाढून सुमारे ३,००० पक्ष्यांची झाली. ते बागांत शिरले, झुडपांखाली बिळे केली, रात्रभर ओरडले. रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. कुजक्या माशांचा वास अंगणात कोणाला आवडेल? अखेर कुंपण घातले गेले, पर्यटकांसाठी लाकडी वाट बांधली, गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पेंग्विन आहे का पाहा, अशा पाट्या लागल्या. शेजाराचे धोके तरीही राहिलेच. २०२२ मध्ये दोन पाळीव कुत्र्यांनी १९ पेंग्विन मारले.

आता खरी टंचाई माशांची आहे. तारलीचे थवे पूर्वेकडे सरकले आणि कमी झाले. पिसे टाकण्याच्या तीनएक आठवड्यांत पेंग्विनाला पाण्यात उतरता येत नाही. आधी चरबी साठली नसेल तर तो उपाशी मरतो. २०२४ मध्ये १०,००० हूनही कमी जोड्या उरल्याने ही जात ‘अतिधोक्यात’ या वर्गात गेली. मार्च २०२५ मध्ये पक्षिसंस्था आणि मासेमारी उद्योग यांच्यात समझोता होऊन, न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती तारली व अँकोव्ही यांची व्यापारी मासेमारी बंद ठेवण्याच्या सीमा ठरल्या. बोल्डर्स त्या सहांत नाही.

घरट्यांचा प्रश्नही सुटलेला नाही. फायबरग्लासची पहिली कृत्रिम बिळे उन्हात फार तापत. आता दुहेरी भिंतींची, सिरॅमिक लेपाची बिळे बनवतात आणि आतले तापमान व दमटपणा मोजतात. या मोजमापाचा मापदंड आहे ग्वानोचे बीळ.