भाजलेल्या जखमांतील जैवपटल

भाजलेल्या जखमेत जीवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर. रुग्णालयांत ‘बायोफिल्म’ हाच शब्द रूढ आहे. भाजलेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांतून निभावला, की पुढचा मोठा धोका जंतुसंसर्गाचा असतो. तो औषधाला दाद देत नाही, त्यामागे पुष्कळदा हे पटल असते.

त्वचा खोल भाजली की तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात. शिरेतून दिलेले प्रतिजैविक रक्ताबरोबर फिरते. रक्त जिथे पोहोचत नाही तिथे तेही पोहोचत नाही. मेलेली, ओलसर कातडी मात्र जीवाणूंना आयतीच मिळते. आधी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस येतो, मग स्यूडोमोनास एरुजिनोसा, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी. एकमेकांना रासायनिक संदेश देत ते शर्करा, प्रथिने आणि स्वतःच्या डीएनएचे आवरण विणतात. आतल्या थरातले काही जीवाणू जवळपास निद्रिस्त असतात. प्रतिजैविके मुख्यतः वाढणाऱ्या पेशींवर काम करतात, म्हणून हे वाचतात आणि औषध थांबल्यावर पुन्हा वाढतात.

ही सहनशीलता आणि प्रतिरोध यांत गल्लत होते. प्रतिरोध जनुकांत असतो. उदाहरणार्थ, ‘एनडीएम’ विकराचे जनुक असलेला जीवाणू कार्बापेनेमसारखे राखीव औषधही तोडून टाकतो, आणि ते जनुक शेजारच्या जीवाणूला देऊ शकतो. पटलातली दाटी अशा देवाणघेवाणीला सोयीचीच. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘औषध लागू पडेल’ असे लिहिलेले असूनही जखम बरी का होत नाही, याचे उत्तर बरेचदा सहनशीलतेत सापडते. कारण ती चाचणी सुट्या, तरंगत्या जीवाणूंवर केलेली असते.

सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या दग्धोपचार केंद्रात बाली (2002 व 2005) आणि जकार्ता (2003) येथील बॉम्बस्फोटांतले 31 जखमी आणले गेले. केंद्राच्या डॉक्टरांनी नंतर नोंदवलेल्या अडचणींत अतिदक्षता खाटा आणि दात्यांच्या त्वचेची टंचाई होती, तसेच एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणारे जंतूही होते. या अडचणी सुट्या नाहीत: त्वचा वेळेवर मिळाली नाही तर जखम उघडी राहते, आणि उघडी जखम साऱ्या वॉर्डाला जंतू पुरवते.

म्हणूनच खरा उपाय औषधाच्या बाटलीत कमी आणि शस्त्रक्रियागृहात जास्त आहे. युगोस्लाव्हियातील शल्यविशारद झोरा यांझेकोविच यांनी 1970 साली मांडलेली पद्धत आज जगभर रुळली आहे: मेलेली कातडी पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांनी कापून काढायची आणि लगेच त्वचारोपण करायचे. पटलाला बूडच उरत नाही. सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम, हातांची स्वच्छता, रुग्णांना वेगळे ठेवणे या गोष्टी हव्यातच. पण त्या या कामाची जागा घेऊ शकत नाहीत.

अडते ते त्वचेपाशी. निम्म्याहून जास्त भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची पुरेशी त्वचा उरत नाही, तेव्हा दात्याची त्वचा तात्पुरते छत्र देते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने 2000 साली त्वचापेढी उभी राहिली. नेत्रदानाची माहिती आपल्याकडे घरोघर आहे, त्वचादानाचीही व्हायला हवी. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत मांड्या, पाय व पाठीवरचा केवळ पातळ थर काढतात, आणि ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा 5 वर्षांपर्यंत टिकते.