बेंचवर बसलेली जहाजं

रिसेशन म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना पहिला आठवतो तो बेंच. पण मंडळी, बेंच हा काही आपला शोध नाही. जहाजवाल्यांनी तो आपल्या कितीतरी आधी पाहिलाय, आणि त्यांच्या बेंचवर आख्खी जहाजं बसली होती!

झालं असं की १९६७ पासून सुएझ कालवा बंद. आखातातलं तेल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात न्यायचं तर टँकर जितका मोठा तितकं परवडतं. मालकांनी धडाधड ऑर्डरी दिल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, काही महिन्यांत तेल चौपट महागलं आणि मागणी बसली. १९७५ मध्ये सुएझही उघडला. पण बांधायला घेतलेली जहाजं पाण्यात उतरतच राहिली. 'बातिलुस' नावाचा साडेपाच लाख टनी फ्रेंच टँकर १९७६ मध्ये आला आणि १९८५ मध्ये भंगारात निघाला. नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये आणि ग्रीसला एलेफ्सिनाच्या आखातात रिकामी जहाजं नांगर टाकून उभी होती. अशा उभ्या जहाजाला राखणीपुरती चार माणसं पुरतात. बाकीचे घरी.

जी चालत होती त्यांचा खर्च तरी कुठे कापणार? इंधनाचा भाव आणि बँकेचा हप्ता मालकाच्या हातात नाही. हातात राहतो तो पगार. जहाजावर ब्रिटन किंवा नॉर्वेचा झेंडा असला की तिथले कायदे आणि युनियनचे दर आले. तोच उतरवून लायबेरियाचा किंवा पनामाचा लावला की माणसं जगात कुठूनही घ्या. ही सोय जुनीच, पण ऐंशीच्या दशकात तिकडे रीघ लागली. शेवटी नॉर्वेनेच १९८७ मध्ये वेगळं रजिस्टर काढलं: झेंडा नॉर्वेचा, खलाशी परदेशी, पगार त्यांच्या देशातल्या दराने. ऑफशोअरिंग म्हणतात ते हेच की! :)

मनिला आणि मुंबईच्या मॅनिंग एजन्सींचे दिवस पालटले ते याच काळात. कोकणातली माणसं विलायती बोटींवर खलाशी, सारंग म्हणून पिढ्यान्पिढ्या जात होतीच, पण ब्रिजवर साहेब असायचा. आता तिथेही आपले लोक दिसू लागले. तिकडे कुणाची तरी नोकरी गेली म्हणून इकडे कुणाचं तरी घर उभं राहिलं. हे वाचायला बरं वाटत नाही, पण आपलंही बऱ्यापैकी तसंच आहे.

असो. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. कामावरच्या माणसाला काढलं की बोंब होते. कॅडेट घेणं थांबवलं तर कुणाला कळतही नाही. युरोपातल्या कंपन्यांनी तेव्हा नेमकं हेच केलं. पण कॅडेटचा कॅप्टन व्हायला दहाएक वर्षं लागतात, त्यामुळे बिल उशिरा येतं. २००३ नंतर चीनच्या मागणीने तेजी आली तेव्हा जहाजं होती, अधिकारी कमी पडत होते. पगार चढले आणि आपल्याकडे मर्चंट नेव्हीच्या कोर्सच्या जाहिरातींचा पाऊस पडला.

आणि मग २००८. कोळसा, लोहखनिज अशा सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा 'बाल्टिक ड्राय इंडेक्स' २० मे रोजी ११,७९३ होता. ५ डिसेंबरला ६६३.

पुढच्या काही वर्षांत कोर्स करून बाहेर पडलेल्या पोरांपैकी कितीतरी जणांना जहाजच मिळेना. इथली गोम अशी की एक वर्षाचा डिप्लोमा केलेल्या डेक कॅडेटला दीड वर्ष समुद्रावर काढल्याशिवाय परवान्याची परीक्षा देता येत नाही. आपला फ्रेशर निदान घरी बसून जावा शिकतो. याने काय करायचं? उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला एजंटला बंदी असूनही, बर्थ मिळवून देतो म्हणत लाखो रुपये उकळणाऱ्यांचं मात्र फावलं.

२०२१ मध्ये जहाजमालकांच्याच संघटनांचा अहवाल आला. जगात २६,२४० अधिकारी कमी पडताहेत म्हणे. २०१० च्या आसपास बर्थ न मिळालेली ती पोरं तेव्हा तिशीत पोचली होती, म्हणजे बरोबर चीफ ऑफिसर व्हायच्या वयात.