चंची, वखार आणि वजनाचा कागद

आपल्याच शेतातली पानं आपल्याच अंगणात वाळवणं हा सरकारी कामकाजाचा विषय होऊ शकतो का? आपल्या देशात तो ३६ वर्षं होता.

१ एप्रिल १९४३ पासून ब्रिटिश सरकारने तंबाखूवर अबकारी कर लावला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि तिजोरीला पैसा हवा होता. पुढच्याच वर्षी हा कर १९४४ च्या केंद्रीय अबकारी आणि मीठ कायद्यात सामील झाला. या कायद्याने ‘क्युअरिंग’ या शब्दाची व्याख्या केली आहे. पान कोमेजू देणं, वाळवणं, आंबवणं आणि ते बाजारात किंवा कारखान्यात जाण्याजोगं करणारी कुठलीही क्रिया म्हणजे क्युअरिंग. शेतकऱ्याच्या खळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात गेलं. कुणी किती लावण केली याची माहिती खात्याकडे जायची. वाळलेल्या मालाचं वजन नोंदलं जायचं. कर भरला नसेल तर माल परवानाधारक वखारीतच ठेवायचा. गाडीत घालून हलवायचा तर सोबत परमिट लागायचं. आजच्या ई-वे बिलाचा हा आजोबाच म्हणायचा.

पण कर पानावरच का? बिडीवर का नाही? कुठल्याही सिस्टिममध्ये मोजमाप कुठे लावायचं हा पहिला प्रश्न असतो. सिगारेट मोजक्या कारखान्यांतून बाहेर पडते, त्यामुळे कारखान्याच्या दारात उभं राहून ती मोजता येते. बिडी मात्र लाखो घरांत, मांडीवर सूप ठेवून वळली जाते. खायची तंबाखू तर माणूस तळहातावरच तयार करतो. ते सगळं मोजायला कुठलंही खातं पुरं पडलं नसतं. म्हणून सरकारने एक पायरी मागे जाऊन, माल ढिगात आणि पोत्यांत असतानाच त्याला गाठलं. पान जिथे साठतं, तिथेच ते मोजता येतं. तंबाखूच्या पुढच्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

दव आणि तराजू

तंबाखूच्या हिरव्या पानात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाळल्यावर ते फार थोडं उरतं, पण पान हवेतला ओलावा परत शोषून घेत राहतं. पहाटेच्या दवात ते मऊ पडतं, दुपारच्या उन्हात कडक होतं. म्हणून वाळलेलं पान गोळा करायचं काम पहाटेचं. भर उन्हात हात लावला तर हाती भुगा येतो. उलट, ओलसर पान ढिगात रचलं तर ढीग आतून तापतो. ही ऊब ठरावीक मर्यादेत हवीच असते, कारण तिच्यामुळे पानाचा उग्रपणा कमी होतो, रंग आणि वास येतो. मर्यादा ओलांडली की बुरशी धरते. त्यामुळे ढीग मोडून, आतला माल बाहेर आणि बाहेरचा आत करून पुन्हा रचावा लागतो. हे टळलं तरी एक बारीक तपकिरी भुंगेरा असतोच. निकोटिनने बहुतेक किडे मरतात. हा मात्र साठवलेल्या तंबाखूवरच वाढतो.

आता तराजूकडे या. तोच माल सकाळी जड भरतो आणि दुपारी हलका. वजन कुठल्या वेळी करायचं आणि ओलाव्याची घट किती धरायची, हे ज्याच्या हातात, भाव खरं तर त्याच्याच हातात. त्यात पावसाळा तोंडावर आलेला असतो. पक्कं छप्पर असलेला थांबू शकतो. ज्याचा माल अंगणात पडलाय, तो थांबू शकत नाही.

पान बारीक करण्याचेही प्रकार आहेत. सिगारेटला लागतो बारीक चिरलेला धागा. बिडीला लागतो चाळून एकसारखा केलेला चुरा, काड्या वेगळ्या काढलेला. खायच्या तंबाखूला तळहात आणि अंगठा पुरतो. आणि मिश्रीसाठी पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजून कुटतात. जुन्या अबकारी दरांत पान कशासाठी जाणार यावर कर कमी-जास्त व्हायचा. म्हणजे पान कसं चुरलं, याचाही सरकारला हिशेब हवा होता.

विजापूरहून नायगावपर्यंत

हे पान मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलं आणि नावही त्यांचंच घेऊन आलं. दख्खनमधली त्याची एक लेखी नोंद फार रंगतदार आहे. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत त्याने ती पाहिली नव्हती. त्याने भरपूर साठा आणि रत्नजडित चिलीम अकबरासाठी आग्र्याला नेली. हकिमांनी विरोध केला, तरी बादशहाने एक-दोन झुरके घेतलेच. सरदारांमध्ये वाटायला असद बेगकडे माल होता, त्यामुळे मागणी लगेच वाढली. १६१७ मध्ये जहांगिराने बंदीचं फर्मान काढलं. ते फारसं चाललं नाही, हे सांगायला नको.

दिल्लीच्या दरबाराला तंबाखू दख्खनने शिकवली, आणि दख्खनच्या घराघरांत ती मुरली ती कापडाच्या चंचीतून. आमचं नायगाव नांदेड-देगलूर रस्त्यावरचं. हा तंबाखू पिकवणारा मुलूख नव्हे. इथे कापूस, ज्वारी, तूर आणि आता सोयाबीन. तरीही आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या कमरेला चंची असायचीच. एका कप्प्यात पान-सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी, आणि सोबत अडकित्ता. माझ्या आजीचीही होती. बाजारातून आणलेलं पान ती शिरा काढून हाताने चुरायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पावसाळ्यात डबा चुलीजवळच्या फळीवर जायचा, उन्हाळ्यात माठाजवळ. ओलाव्याचा जो प्रश्न निपाणीच्या वखारवाल्याला पडायचा, तोच ती दोन फळ्यांवर सोडवत होती.

नायगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याचा पैसा वेगळा, जकात वेगळी. पोलीस कारवाईनंतर १९५० मध्ये केंद्राचा अबकारी कायदा हैदराबाद राज्यालाही लागू झाला. सरहद्दीपलीकडच्या निजामाबाद भागात बिडी वळण्याचं काम घरोघर चालतं, आणि बिडीला लागणारं टेंभुर्णीचं पान आमच्या जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलात मिळतं. वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया. ठेकेदार पान आणि तंबाखू वजनाने देतो आणि बिड्या मोजून परत घेतो. एका बिडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम. दिलेला माल कमी भरला किंवा पान फाटकं निघालं, तर तूट बाईच्या मजुरीतून जाते. वर ‘छाट’ म्हणून काही बिड्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. हे भांडण इतकं नेहमीचं होतं की बिडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने कायदा केला, तेव्हा त्यात कच्चा माल देणं आणि बिड्या नाकारणं यावरून होणाऱ्या वादांसाठी खास तरतूद करावी लागली. इथेही प्रश्न तोच: वजन कोण करतं?

कर गेला, कागदही गेला

आता परत पानाकडे, जिथे ते पिकतं तिथे. बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी, म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलेला मराठी मुलूख. काळी जमीन आणि बिडीची तंबाखू. पावसाळ्यात रोप, मग लावण, शेंडा खुडणं, फुटवे काढणं, थंडीत काढणी. शेतकरी अबकारी खात्याला वैतागलेला होता. अधिकाऱ्याची वाट बघा, नोंदी करा, परमिट काढा.

१९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचा हा कर रद्द केला. स्वतः शेतकरी नेते, शेतकऱ्याच्या मागची कटकट गेली असंच कुणालाही वाटेल. पण कराबरोबर आणखी एक गोष्ट गेली. किती माल, कुणाचा, कुठल्या वखारीत गेला, याची सरकारी नोंद आता उरली नाही. ज्या रजिस्टरचा शेतकऱ्याला जाच होता, तीच त्याची एकमेव पावती होती. माल व्यापाऱ्याच्या वखारीत, तराजू व्यापाऱ्याचा, वही व्यापाऱ्याची. भाव पाडून घेतला किंवा पैसे वर्षभर लटकवले, तर दाखवायला हातात काही नाही.

दोनच वर्षांत निपाणी पेटली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली, प्रा. सुभाष जोशींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या साथीने, मार्च १९८१ मध्ये हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. बायका-पोरं, बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. तीन आठवड्यांहून जास्त काळ हा महामार्ग म्हणजे एक गावच झाला होता. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. कांदा, ऊस आणि तंबाखू ही शेतकरी संघटनेच्या सुरुवातीच्या लढ्यांची तीन पिकं. त्यातलं तंबाखूचं आंदोलन भावासाठी होतं हे खरंच. पण भाव मागायचा तर आधी माल किती दिला हे सिद्ध करता यायला हवं, हा धडाही त्यात होता.

वखारीच्या आत

त्याच निपाणीत, त्याच वर्षांत आणखी एक लढा चालू होता, आणि तो वखारीच्या भिंतींच्या आत होता. पान कुटणं, चाळणं, काड्या वेचणं हे काम बायकांचं. हवेत तंबाखूची धूळ, तोंडावर पदर, खोकला कायमचा. मजुरी मालक देईल ती. या बायकांनी संघटना बांधली, संप केले. बंगळूरच्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. त्यात कामगार बायका स्वतःच बोलतात. साठवलेल्या पानाला येणारी ऊब या नावात माणसांनाही लागू होते.

गंमत अशी की रस्त्यावर बसलेला शेतकरी आणि वखारीतली बाई, दोघांचा माल एकच, छप्पर एकच, आणि छपराचा मालकही बहुधा एकच. तरी दोघांचे लढे वेगळे राहिले. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं भाव आणि वजनाचं, बाईचं मजुरी आणि धुळीचं. शेतकऱ्यांच्या आंदोलनाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळ सांगितली जाते, चाळणी धरलेल्या हातांची कमी.

चंची आता दिसत नाही. तिची जागा पुडीने घेतली. संगमनेरची गायछाप नांदेडच्या कुठल्याही पानटपरीवर मिळते. घरात चुरणं, फळी बदलणं, ओलावा सांभाळणं हे काम प्लास्टिकच्या थराने संपवलं. सवय मात्र संपली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, ओढणारे ३.८ टक्के, धूरविरहित, म्हणजे मुख्यतः खाणारे नि दातांना लावणारे, २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू आजही धुरापेक्षा तोंडातच जास्त आहे. तिची किंमत जबड्याने आणि घशाने मोजणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत निघतील.

पुढच्या वेळी टपरीवर पुडी दिसली तर उलटून बघा. वजन छापलेलं आहे, किंमत आहे, तारीख आहे, आणि ८५ टक्के जागेवर कर्करोगाचा इशारा. विकत घेणाऱ्यासाठी हा कागद अगदी पूर्ण आहे, आणि तो तसा असायलाच हवा. पान पिकवणाऱ्याला आणि चाळणारीला मात्र इतका पूर्ण कागद क्वचितच मिळाला.