चाकामागची चकती

मंडळी, आपल्या गावाजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि २००१ पासून तिथं ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. त्या जुन्या गाड्या आता हौशी पोरांच्या हाती आल्यात. माझ्या भाच्याकडेही एक आहे. कंपनीची मूळ चाकं मडगार्डच्या आत दडल्यासारखी दिसतात, म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती, बसवायची असं त्याच्या मनात आहे.

इथं इतिहास कामाला येतो. पहिल्या ऑक्टाव्हियाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, तर पुढं आलेल्या लॉराचे ११२ वर. मधलं भोक मात्र दोन्हींचं ५७.१. नुसतं ‘स्कोडाचे स्पेसर द्या’ म्हटलं की फसगत ठरलेली! शिवाय चकती १५ मिलिमीटरची असेल तर बोल्टही तेवढेच जास्त लांब लागतात. जुनेच घातले तर पेचाचे थोडेच वळसे धरतात. आणि हा मुलगा दर महिन्याला औट्रम घाट उतरतो.

चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा ताणही वाढतो. (आपल्या मनमाडच्या मार्गाचं ब्रॉडगेज झालं तेव्हा रुळांतलं अंतर १००० वरून १६७६ मिलिमीटर झालं. तिथं चकत्या नाही लावल्या, डबे-इंजिनंच दुसरी आणली.)

मला विचाराल तर नकोच. पण भाचा ऐकणारा नाही. निदान लांब बोल्ट आधी घे, चकती मग, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.