पहिली नोकरी, पगार सांगितला ३० हजार. मग खात्यात २५ हजारच का येतात?

कॉलेज संपलं, इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर आलं. घरी पेढे वाटून झाले, स्टेटसही ठेवून झालं. पण त्या सहा-सात पानांच्या लेटरमध्ये काय लिहिलंय, हे शेवटपर्यंत वाचणारे थोडेच. मग महिनाअखेरीस पगाराचा मेसेज येतो आणि पहिला प्रश्न पडतो, बाकीचे पैसे गेले कुठे?

पहिल्या नोकरीत कपडे कोणते घालायचे, बॉसशी कसं बोलायचं, याचे सल्ले देणारे खूप असतात. कागदपत्रांबद्दल फारसं कुणी सांगत नाही. नंतर त्रास होतो तो तिथेच.

सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नाही

सीटीसी म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी'. एका कर्मचाऱ्यावर कंपनी वर्षभरात जो खर्च धरते, तो सगळा आकडा यात येतो. हातात न येणारे पैसेही त्यात मोजलेले असतात.

समजा, पॅकेज आहे ३ लाख ६० हजार. म्हणजे महिन्याला ३० हजार. त्यातला बेसिक पगार १५ हजार. आता हिशोब बघा.

- कंपनीने भरायचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के : १,८०० रुपये
- ग्रॅच्युइटीसाठी धरलेली रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के : सुमारे ७२२ रुपये
- उरला ग्रॉस पगार : २७,४७८ रुपये
- तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ, १२ टक्के : १,८०० रुपये
- प्रोफेशनल टॅक्स : २०० रुपये
- खात्यात जमा : २५,४७८ रुपये

महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असतो. त्यामुळे ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. महिलांना मात्र महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर लागत नाही.

काही कंपन्या ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता आणि वर्षाअखेरीस मिळणारा 'व्हेरिएबल पे' सुद्धा सीटीसीमध्ये धरतात. म्हणून सही करण्याआधी एचआरला एकच प्रश्न विचारा : "दर महिन्याला इनहँड किती येणार, त्याचा ब्रेकअप मिळेल का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

पीएफ कापला म्हणजे पैसे गेले नाहीत

तुमचे १,८०० रुपये पीएफ खात्यात जमा होतात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये जातात. पहिल्या नोकरीत १२ आकडी यूएएन नंबर मिळतो. हा नंबर आयुष्यभर एकच राहतो. नोकरी बदलली की नवीन यूएएन काढायचा नाही, जुनाच द्यायचा.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण इथे येते. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण असतं, कुठे फक्त आद्याक्षर. नावात किंवा जन्मतारखेत असा फरक राहिला तर पुढे पैसे काढताना क्लेम अडकतो. त्यामुळे आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव जॉइन होण्याआधीच सारखं करून घ्या. आपला पीएफ दर महिन्याला खरंच भरला जातोय का, हे ईपीएफओच्या पासबुकवर तपासता येतं.

बाँडवर सही करायची का?

"बाँड कोर्टात टिकत नाही" असं मित्र सांगतात. ते पूर्ण खरं नाही.

विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने ३ वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला. नियुक्तीच्या अटीप्रमाणे त्याला २ लाख रुपये भरावे लागले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे २०२५ मध्ये कोर्टाने ती अट वैध ठरवली. सरसकट प्रत्येक बाँड योग्य, असा याचा अर्थ नाही. रक्कम वाजवी आहे का, पद कोणतं, कंपनीचं खरंच नुकसान होतं का, हे पाहिलं जातं. नोकरी सोडल्यानंतर दुसऱ्या कंपनीत काम करू नये, ही अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही.

बाँडइतकाच नोटीस पीरियडही नीट वाचा. प्रोबेशनमध्ये तो किती आणि कायम झाल्यावर किती, हे वेगवेगळं असू शकतं. न सांगता नोकरी सोडली तर रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि पुढची कंपनी नेमकं तेच मागते.

मूळ कागदपत्रं आणि पैसे देऊ नका

मूळ मार्कशीट आणि डिग्री पडताळणीसाठी दाखवा, पण ठेवून येऊ नका. सही केलेल्या झेरॉक्स द्या. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा 'जॉइनिंग किट' म्हणून कुणी आधी पैसे मागत असेल तर फसवणुकीची शक्यता मोठी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

सर-मॅडम म्हणायचं की नावाने हाक मारायची, हे चार दिवस बघून ठरवा. मीटिंगमध्ये एखादा शब्द कळला नाही तर लिहून ठेवा आणि नंतर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना इंग्रजी बोलायचं दडपण येतं. त्यावर साधा उपाय आहे. तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींच्या मेलवर कन्फर्म करा : काय करायचंय, कधीपर्यंत द्यायचंय. गैरसमज टळतो, लेखी पुरावाही राहतो.

ऑफिसमधली अंतर्गत समिती कोणती, हेही विचारून ठेवा. १० किंवा जास्त लोक काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ही समिती बंधनकारक आहे. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार करता येते. इंटर्न मुलींनाही हे संरक्षण आहे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर आणि दर महिन्याची सॅलरी स्लिप स्वतःच्या मेलवर सेव्ह करा. कंपनीचा मेल आयडी नोकरी सोडल्यावर बंद होतो. होम लोनसाठी बँकेत गेलात किंवा दुसरी नोकरी घेतलीत, की पहिल्यांदा हेच कागद मागितले जातात.