सैतानाला दिलेलं श्रेय

मध्यंतरी अकिरा हिरामोतो यांची ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हाती लागली. तिचा नायक रॉबर्ट जॉन्सन हा अमेरिकेतल्या मिसिसिपीचा कृष्णवर्णीय ब्लूज गायक. मध्यरात्री चौरस्त्यावर आत्मा विकून त्याने सैतानाकडून गिटारवादन मिळवलं, अशी दंतकथा आहे. हिरामोतोंनी ती रंगवली आहेच, शिवाय क्लाइड बॅरो हा दरोडेखोरही जॉन्सनच्या सोबतीला दिला आहे. चित्रं विलक्षण आहेत, मी एका बैठकीत बरीच वाचून काढली. पण तो इतिहास नव्हे.

सुरुवातीला जॉन्सनची गिटार लोकांना ऐकवत नसे, अशी आठवण ज्येष्ठ गायक सन हाऊस सांगत. मग तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो तरबेज होऊनच. मधल्या काळात तो आइक झिमरमन या वादकाकडे शिकत होता. दोघे रात्री कब्रस्तानात सराव करत, कारण तिथे शांतता असे.

1936 आणि 1937 मध्ये त्याची 29 गाणी ध्वनिमुद्रित झाली. 1938 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी ‘डॉक्टर नाही’ एवढंच लिहिलं आहे.

सैतानाचं नाव जगभर पोचलं. झिमरमनचं किती जणांना ठाऊक आहे? गरीब माणसाची मेहनत मान्य करण्यापेक्षा चमत्कार मानणं आपल्याला सोपं जातं.